टपालाची उपमा आणि सात थर : संगणक-जाळ्याचा धडा तपासताना

संगणकांच्या जाळ्याविषयीचा धडा वर्गात शिकवला जातो तेव्हा दोन गोष्टी बहुधा त्यात असतातच. एक म्हणजे टपालाची उपमा : 'एक संगणक दुसऱ्याला पत्र पाठवतो.' दुसरी म्हणजे सात थरांची यादी : भौतिक, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन आणि ॲप्लिकेशन. पहिली विद्यार्थ्यांना आवडते. दुसरी परीक्षेत गुण मिळवून देते. या दोन्ही साधनांचे खरे मोल किती आणि त्यांच्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात कोणते चुकीचे समज घर करतात, हे तपासून पाहण्याचा आमचा येथे हेतू आहे.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेश परीक्षेचे शुल्क, बँकेचे व्यवहार ही सारी कामे आता खेड्यापाड्यांतही जाळ्यावरून होतात. अर्जाची शेवटची तारीख असते, विद्यार्थी 'सादर करा' हे बटण दाबतो, पडद्यावर चक्र फिरत राहते आणि उत्तर काही येत नाही. कधी खात्यातून पैसे गेलेले असतात, पण अर्ज पोहोचल्याचे दिसत नाही. मग तो शिक्षकांकडे येतो आणि विचारतो, 'सर, पुन्हा बटण दाबू का?' सात थर तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्याला, आणि ते पाठ करून घेणाऱ्या शिक्षकालाही, या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर त्या धड्यातून काहीतरी महत्त्वाचे निसटले आहे असे म्हणावे लागते.

उपमा कोठवर चालते?

आधी उपमेच्या बाजूने बोलू. समजा, मुंबईहून किन्हीराजा या गावी पत्र पाठवायचे आहे. हे गाव वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात आहे. मुंबईत टपालाची वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्याला हे गाव कोठे आहे, तेथे कोणती गाडी जाते, यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही. तो फक्त पिनकोडकडे पाहतो. पहिल्या अंकावरून देशाचा विभाग, पहिल्या दोन अंकांवरून उपविभाग, पहिल्या तिन्हींवरून वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटच्या तीन अंकांवरून टपाल कार्यालय ठरते. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशात लागू झाली. वाशीम परिसराच्या पिनकोडची सुरुवात ४४४ या अंकांनी होते. तेवढे दिसले की पत्र योग्य पिशवीत पडते. पुढचे पुढचा पाहील.

जाळ्यातील राउटर नेमके हेच करतो. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर पोहोचवण्याचा पत्ता असतो. जुन्या आणि अजून चलनात असलेल्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा, तर नव्या पद्धतीत १२८ बिटांचा असतो. राउटर पत्त्याचा सुरुवातीचा भाग आपल्याजवळच्या तक्त्याशी ताडून पाहतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलतो. संपूर्ण वाट कोणालाच ठाऊक नसते. प्रत्येकाला आपल्यापुढचा टप्पा तेवढा माहीत असतो. एवढे मोठे जाळे चालते ते या काटकसरीमुळेच. ही गोष्ट टपालाच्या उपमेतून फार सुरेख समजते आणि म्हणून ती उपमा टाकून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही.

पत्त्यानंतर नाव येते. घर सापडले तरी पत्र घरातील कोणाचे, हे कळले पाहिजे. एका फोनवर बातम्या वाचणे, ई-पत्र आणि पैशांचे ॲप एकाच वेळी चालू असते. आलेले पॅकेट यांपैकी कोणाचे? त्यासाठी पॅकेटवर आणखी एक क्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. तो १६ बिटांचा, म्हणजे ० ते ६५,५३५ यांमधला असतो. सुरक्षित संकेतस्थळांसाठी सर्व्हरच्या बाजूला ४४३ हा पोर्ट ठरलेला आहे. मग एकाच वेळी हजारो लोक त्या ४४३ वर बोलत असताना सर्व्हरचा गोंधळ का होत नाही? कारण तो चार आकडे एकत्र पाहतो : पाठवणाऱ्याचा पत्ता, पाठवणाऱ्याचा पोर्ट, स्वतःचा पत्ता आणि स्वतःचा पोर्ट. या चौघांची जुळणी प्रत्येक संभाषणात वेगळी असते. धड्यांत पोर्टची व्याख्या असते, पण ही चौकडी क्वचितच सांगितली जाते. खरे म्हणजे 'दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात' या वाक्याचा अर्थ या चौकडीतच आहे.

उपमा कोठे मोडते?

पहिली फट पत्त्यातच आहे. पिनकोड जमिनीला बांधलेला असतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तरी ४४४ हे अंक बदलले नाहीत, कारण गाव जागेवरच होते. संगणकाचा पत्ता मात्र जाळे चालवणाऱ्या कंपनीला बांधलेला असतो. किन्हीराजाच्या बसथांब्यावर शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमकार्डे असतील, तर त्यांच्या पत्त्यांत काडीचेही साम्य नसेल. हा फरक शिक्षकांनी एका वाक्यात सांगितला तरी पुरे.

दुसरी फट मोठी आहे. पत्र अखंड जाते. संगणकाची माहिती तुकड्यांनी जाते. इथरनेटवर एका पॅकेटात सामान्यतः १,५०० बाइट मावतात. त्यांतील ४० बाइट पत्ते, क्रमांक आणि इतर नोंदींना लागले, तर मजकुरासाठी १,४६० उरतात. २० लाख बाइटांचे एक छायाचित्र पाठवायचे तर सुमारे १,३७० पॅकेटे लागतील. ती सारी एकाच वाटेने जातील असे नाही, क्रमाने पोहोचतील असे नाही. काही हरवतील, एखादे दोनदाही पोहोचेल. त्यामुळे क्रमांक घालणे, हरवलेले ओळखणे, जास्तीचे टाकून देणे ही कामे कोणीतरी केली पाहिजेत. ती कोण करतो?

येथेच उपमा विद्यार्थ्याला चुकीच्या वाटेला लावते. टपालखाते पत्राची जबाबदारी घेते, निदान घ्यावी अशी आपली अपेक्षा असते. म्हणून विद्यार्थी समजतो की माहिती नीट पोहोचवण्याची हमी 'जाळे' देते. वस्तुस्थिती उलटी आहे. वाटेवरचे राउटर कसलीही हमी देत नाहीत. रांग भरली की राउटर पॅकेट टाकून देतो, आणि बहुतेक वेळा कोणालाही न कळवता. त्याची तक्रारवही नसते. हरवलेले ओळखून पुन्हा पाठवण्याचे काम दोन टोकांचे संगणक करतात. किन्हीराजातील फोन आणि मुंबईतील सर्व्हर हे त्या व्यवहारातले खरे पोस्टमास्तर आहेत.

ही रचना निष्काळजीपणातून आलेली नाही, विचारपूर्वक निवडलेली आहे. फ्रान्समध्ये लुई पूझँ यांच्या सिक्लाद या जाळ्याने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस ती वापरून दाखवली. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४ मध्ये निरनिराळी जाळी जोडण्याची योजना प्रसिद्ध केली, तेव्हा वाटचाल आणि हमी ही दोन्ही कामे एकाच नियमावलीत होती. १९७८ मध्ये तिचे दोन भाग झाले. पत्ता पाहून पुढे ढकलणारा भाग म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, आणि टोकांवर राहून हमी देणारा भाग म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल, ज्याला आपण टीसीपी म्हणतो. वेगळे का केले? कारण सर्वांनाच हमी नको असते. जाळ्यावरून बोलणे पाठवण्याचे प्रयोग करणाऱ्यांना हरवलेला शब्दाचा तुकडा अर्ध्या सेकंदाने परत मिळून उपयोग नव्हता; संभाषण तोवर पुढे गेलेले असे. अशांसाठी हमी न देणारी यूडीपी ही छोटी नियमावली १९८० मध्ये आली. परीक्षेत 'टीसीपी आणि यूडीपी यांतील फरक लिहा' असा प्रश्न येतो. फरकाचे हे कारण सांगितले, तर तक्ता पाठ करण्याची गरज राहणार नाही.

तिसरी फट गर्दीची. टपाल वाढले की खाते माणसे वाढवते. जाळ्यात गर्दी झाली की पाठवणाऱ्यालाच हात आखडता घ्यावा लागतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. आठशे पटींची ही घसरण, आणि दोहोंतील अंतर अवघे चारशे यार्ड! पोच आली नाही म्हणून प्रत्येक संगणक तीच पॅकेटे पुन्हा पाठवत होता आणि त्या पुनरावृत्तीनेच वाट तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावरचा उपाय प्रसिद्ध केला : सुरुवात जपून करा, पोच येत राहिली तर वेग वाढवा, पॅकेट हरवले तर ती गर्दीची खूण समजून वेग झटकन उतरवा. कोणी मुकादम नसताना कोट्यवधी संगणक एका वाटेवर गुण्यागोविंदाने नांदतात ते अशा शिस्तीमुळे. टपालाच्या उपमेत या सुंदर कल्पनेला जागाच नाही.

पोच कोणाची?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. येथे टपालाचीच एक जुनी सोय उपयोगी पडते, ती म्हणजे रजिस्टर ए.डी. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली, पण सहीचे कार्ड परत येण्याचा अनुभव घरोघरी आहे. त्या कार्डावर सही कोणाची असते? घरी असेल त्याची. पाकीट घरात पोहोचले एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्याच्या नावाचे होते त्याने ते उघडले, वाचले, त्याप्रमाणे केले, यातले काहीही सिद्ध होत नाही.

टीसीपीची पोच अशीच आहे. समोरच्या संगणकातील टीसीपीने तुकडे घेतले एवढेच ती सांगते. त्या संगणकावरील अर्ज स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमने ते वाचले का, नोंदवहीत लिहिले का, हे तिला माहीत नसते. जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८४ च्या एका प्रसिद्ध निबंधात हा मुद्दा मांडला. त्यांनी दिलेले उदाहरण बोलके आहे. एमआयटीत अनेक जाळी जोडलेली होती आणि प्रत्येक टप्प्यावर चुका तपासण्याची सोय होती, म्हणून प्रोग्रॅमकर्त्यांनी स्वतः तपासणी केली नाही. पण वाटेवरच्या एका संगणकात बिघाड होता. माहिती एका कप्प्यातून दुसऱ्यात उतरवताना सुमारे दहा लाख बाइटांत एकदा तो बाइटांच्या एका जोडीची अदलाबदल करी. टप्प्यांवरच्या तपासण्यांना हे दिसेना, कारण बिघाड टप्प्यांच्या मध्ये, संगणकाच्या पोटात होता. काही प्रोग्रॅम बिघडले, आणि जुने छापील कागद समोर ठेवून ते हाताने दुरुस्त करावे लागले. निष्कर्ष असा : काम पुरे झाले की नाही याची खात्री शेवटी काम करवून घेणाऱ्या दोन प्रोग्रॅमांनीच केली पाहिजे. मधल्यांची तपासणी वेग वाढवायला मदत करते, खात्रीची जागा घेऊ शकत नाही.

याला जोडून दुसरी अडचण येते. उत्तर आले नाही, तर दोन शक्यता असतात. अर्ज पोहोचलाच नाही, किंवा अर्ज पोहोचला, नोंदलाही गेला, पण त्याचे उत्तर परत येताना हरवले. पाठवणाऱ्याला दोन्ही वेळी एकच चित्र दिसते : फिरणारे चक्र. पोचेची पोच, तिचीही पोच अशी साखळी कितीही लांबवली तरी शेवटच्या निरोपाबाबत शंका उरतेच. संगणकशास्त्रात हे 'दोन सेनापतींचे कोडे' म्हणून ओळखले जाते आणि त्याला पूर्ण उत्तर नाही हे सिद्ध झालेले आहे.

मग उपाय काय? पुनरावृत्ती निरुपद्रवी करणे. चांगला प्रोग्रॅम प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर 'हे काम झालेले आहे' असे उत्तर देतो, दुसऱ्यांदा पैसे कापत नाही. पण प्रत्येक प्रोग्रॅम चांगला असेल असे नाही. म्हणून विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर असे : लगेच पुन्हा दाबू नकोस; आधी अर्ज क्रमांकाने आत जाऊन स्थिती पाहा, बँकेच्या नोंदी पाहा, व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेव; आणि जेथे अर्जाची पावती मिळते तेथे पावती हाती येईपर्यंत काम झाले असे समजू नकोस. ही केवळ व्यवहारी सूचना नाही. जाळ्याच्या रचनेतून निघालेला हा निष्कर्ष आहे.

सात थरांचे काय?

कामाचे थर पाडण्याची कल्पना चांगलीच आहे. तार बदलून प्रकाशतंतू आला किंवा बिनतारी जोडणी आली, तरी ई-पत्राचा प्रोग्रॅम बदलावा लागत नाही, हा थरांचाच फायदा. आमचा आक्षेप सात या आकड्यावर आणि तो निसर्गनियमासारखा शिकवण्यावर आहे.

ओएसआय नावाचा हा सात थरांचा आराखडा आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केला. त्यावेळी पुढची जाळी याच आराखड्याने चालतील असा अनेक सरकारांचा अंदाज होता. आपल्याकडे याचा प्रत्यक्ष अनुभव आहे. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने एर्नेट हे शैक्षणिक-संशोधन जाळे सुरू केले. त्यात पवईची आयआयटी आणि इतर चार आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, आणि मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा समावेश होता. श्रीनिवासन रमणी त्या केंद्राचे संचालक होते. एर्नेटच्या मुख्य वाहिन्यांवर टीसीपी-आयपी आणि ओएसआय या दोन्ही नियमावल्या शेजारी शेजारी चालवल्या गेल्या. १९९५ पासून मात्र जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, ती याच नियमावलीवर.

म्हणजे मुंबईच्या संस्थांत दोन आराखड्यांची गाठ पडली, एक टिकला, आणि आपण वर्गात दुसऱ्याची यादी पाठ करून घेतो! इंटरनेटमध्ये सेशन आणि प्रेझेंटेशन असे वेगळे थर नाहीत. ती कामे प्रोग्रॅम स्वतः किंवा त्यांना जोडलेली साधने करतात. थरांच्या सीमाही सरकत असतात. २०२१ मध्ये मानक झालेली क्विक ही नियमावली यूडीपीवर उभी राहून हमी आणि सुरक्षा ही दोन्ही कामे एकत्रच करते. तिला सातांपैकी कोणत्या खणात बसवायचे? ज्या विद्यार्थ्याला 'हे काम कोण करतो आणि तेथेच का करतो' असे विचारायची सवय आहे, त्याला क्विक समजेल. ज्याला फक्त यादी येते तो अडेल.

वर्गात करून पाहण्यासारखे

टीका केली की पर्याय देणे आलेच. त्याला वीस चिठ्ठ्या आणि दोन फासे पुरतात. एका मोठ्या वाक्याचे वीस तुकडे चिठ्ठ्यांवर लिहावेत. पाठवणारा आणि घेणारा वर्गाच्या दोन टोकांना, मध्ये दोन 'राउटर'. प्रत्येक राउटर-विद्यार्थ्याने चिठ्ठी मिळाल्यावर फासा टाकावा. एक पडला तर ती गुपचूप खिशात घालावी, नाहीतर पुढे द्यावी. बोलण्यास मनाई. क्रमांक घालायचे का, पोच पाठवायची का, किती वेळ थांबायचे, हे मुलांनीच ठरवावे.

हिशेब सोपा आहे. दोन्ही राउटरांतून चिठ्ठी पार होण्याची शक्यता ५/६ गुणिले ५/६, म्हणजे २५/३६. वीसपैकी सरासरी चौदा चिठ्ठ्या पोहोचतील. पोचही त्याच वाटेने परत येणार, म्हणून पाठवणाऱ्याच्या हाती सुमारे दहाच पोचा येतील. उरलेल्या चार चिठ्ठ्या पोहोचल्या आहेत, पण पाठवणारा त्या हरवल्या असे समजून पुन्हा पाठवणार. खात्यातून पैसे गेले आणि अर्ज दिसत नाही असे म्हणणारा विद्यार्थी या चार चिठ्ठ्यांपैकीच एक असू शकतो.

एवढ्या तासाभरात क्रमांक, पोच, थांबण्याची वेळ, दुबार आलेले टाकून देणे, या टीसीपीतील मुख्य कल्पना मुले स्वतः शोधून काढतील. त्यानंतर नावे सांगावीत. परीक्षेत सात थर विचारले जातात तोवर यादीही द्यावी, पण हा खेळ झाल्यावर, आणि यादीतील प्रत्येक ओळीपुढे 'हे काम आपल्या खेळात कोणी केले?' असा रकाना काढून. काही रकाने रिकामे राहतील. ते तसेच ठेवावेत आणि का रिकामे राहिले यावर मुलांना बोलू द्यावे.